थंड इंजिन वर अडकतं म्हणून पिस्टन घासू नका

देवगडहून एका तरुणाने प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा. मॉडेल विमानासाठी ४६ साइजचं (०.४६ घनइंच) नवं ग्लो इंजिन घेतलं, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हाताने फिरवला की पिस्टन वरच्या टोकाला जाऊन घट्ट बसतो, चीं असा आवाज येतो, आणि प्लग काढला तरी तसंच होतं. गावातला बाइकचा मेकॅनिक म्हणतो, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पिस्टन हलका मारून घे, मोकळा होईल. शिवाय मामाचं दीड सीसीचं जुनं डिझेल इंजिन घरात पडून आहे. ते उलट लोण्यासारखं फिरतं, पण काही केल्या सुरू होत नाही. दोन्हींची फिटिंग बरोबर कशी करायची?

पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. नव्या इंजिनाला बहुतेक काहीही झालेलं नाही. मामाच्या इंजिनाला कदाचित झालं असेल, पण ते बघायची रीत वेगळी आहे.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ ट्रॉलरच्या इंजिनांचे फ्युएल पंप दुरुस्त करतो. एकतीस वर्षं हेच काम. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा दुकानात पंपांची रांग लागते. पावसाळा सरला की रविवारी सकाळी मी सड्यावर विमानं उडवतो. म्हणजे दोन धातूंच्या मध्ये किती जागा असावी, हा माझा पोटाचाही विषय आहे आणि आवडीचाही. तरीसुद्धा पहिल्या इंजिनात मी हीच चूक केली, जी तुम्ही आता करायच्या बेतात आहात. ते पुढे सांगतो.

तुमच्या मेकॅनिकला मी दोष देणार नाही. त्याच्याकडे रोज येणाऱ्या इंजिनांत पिस्टनला रिंगा असतात. तिथे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मुद्दाम जागा सोडलेली असते आणि दाब धरायचं काम रिंग करते. तसं इंजिन वर जाऊन अडकलं तर काहीतरी बिघडलंय, हे त्याचं अनुमान अगदी बरोबर. पण तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून तुमच्या इंजिनात रिंग नसावी. खात्री करून घ्या. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारा आणि पिस्टन हळूहळू वरखाली करा. पिस्टनच्या कडेला खाच आणि तिच्यात बसलेली रिंग दिसली, तर पुढचं तुम्हाला लागू नाही. कड सलग आणि गुळगुळीत असेल, तर ती एबीसी जातीची जोडी आहे किंवा तिचीच एखादी बहीण.

एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि लायनरच्या आतून क्रोमचा मुलामा. काही ठिकाणी क्रोमऐवजी निकेल असतं, काही ठिकाणी लायनरही ॲल्युमिनियमचा असतो. ही रचना १९६० च्या दशकात वेगाच्या स्पर्धांतल्या इंजिनांसाठी पुढे आली आणि मग रोजच्या इंजिनांत उतरली. ती समजून घ्यायची तर धातू तापल्यावर किती वाढतात, ते बघावं लागतं.

४६ साइजच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण २२ मिलिमीटर असतो. एवढ्या मापाला दर १०० अंश सेल्सिअसला पितळ ४२ मायक्रॉनच्या आसपास वाढतं. साधं ॲल्युमिनियम ५० वाढतं. त्यात सिलिकॉन भरपूर घातलं की ते ३८-४० वर येतं. पोलाद वाढतं २५, ओतीव लोखंड २३. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे सगळा खेळ अर्ध्या केसाच्या आतला आहे.

आता चालू इंजिनाच्या आत डोकावून बघा. लायनरच्या वरच्या टोकाला जाळ आहे. खालच्या टोकाला दर फेऱ्याला ताजं, थंड मिश्रण येतंय, आणि त्यातल्या मिथेनॉलची (या इंजिनाचं मुख्य इंधन) वाफ होताना ते आजूबाजूची बरीच उष्णता ओढून घेतं. म्हणून उडून आलेल्या इंजिनाच्या क्रँककेसला बोट टेकवता येतं, पण हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडतो. वर आणि खाली ६०-७० अंशांचा फरक धरा. तेवढ्याने पितळेचा लायनर वरच्या टोकाला २५ ते ३० मायक्रॉन जास्त फुगतो. थंड असताना लायनर सरळ नळीसारखा केला असता, तर चालू झाल्यावर तो वरच्या बाजूला गडव्याच्या तोंडासारखा पसरला असता, आणि दाब जिथे धरायचा नेमका तिथेच गळला असता. हे होऊ नये म्हणून कारखान्यात लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता ठेवतात. इंजिन तापलं की तो निमुळतेपणा सरळ होतो. थंडपणी तुमच्या बोटांना जो अडथळा लागतो तो हाच. मॉडेलवाले त्याला पिंच म्हणतात.

पिस्टनमध्ये सिलिकॉन का, तेही यातच आलं. पिस्टन थेट जाळाखाली असतो आणि त्याची उष्णता बाहेर जायची मुख्य वाट तेलाच्या थरातून लायनरकडे. त्यामुळे तो लायनरपेक्षा नेहमी जास्त तापलेला असतो. साधं ॲल्युमिनियम वापरलं तर तापलेला पिस्टन लायनरच्या पुढे वाढून जाम होईल. सिलिकॉनमुळे त्याची वाढ पितळेच्या मागे राहते आणि चालू तापमानाला दोघांची गाठ नीट पडते. ज्याने ही जोडी बनवली त्याने मापं गरम इंजिनासाठी ठरवली आहेत. आपण थंड इंजिन हातात घेऊन त्यावर निकाल देतो, तिथे घोटाळा होतो.

माझी चूक हीच होती. १९९७ साली पहिलं एबीसी इंजिन घेतलं. तेही असंच वर अडकायचं. तोवर सात-आठशे तरी प्लंजर-बॅरल (फ्युएल पंपातला दांडा आणि त्याची नळी) माझ्या हाताखालून गेले असतील, त्यामुळे फिटिंग बोटांना कळते असा भरवसा होता. मेटल पॉलिशची पेस्ट घेतली, पिस्टनला लावली, दोन संध्याकाळ सावकाश घोटलं. थंडपणी इतकं सुरेख फिरायला लागलं की मन भरून आलं. रविवारी मैदानावर पहिल्या झटक्याला सुरू झालं. मिनिट-दीड मिनिट छान चाललं. मग आवाज जाड होत गेला, फेरे उतरले आणि बंद पडलं. लगेच पुन्हा झटके मारले, तर हाताला कॉम्प्रेशन म्हणून काही लागेच ना. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर परत पहिल्या झटक्याला सुरू, आणि परत दीड मिनिटात बंद. थंडपणीचं फिट मी बरोबर केलं होतं आणि गरमपणीचं कायमचं घालवलं होतं. घासून गेलेला धातू परत लावता येत नाही. नवी जोडी घ्यावी लागली.

मी कशामुळे चुकलो, हे कळायला मला काही दिवस लागले. प्लंजर आणि बॅरल ही दोन्ही पोलादाची, जवळजवळ एकाच तापमानाला राहणारी. त्यांच्यात दोन-चार मायक्रॉनची जागा असते आणि ती थंडपणीही तेवढीच, गरमपणीही तेवढीच. मला शिकवणाऱ्या मास्तरांची परीक्षा अशी असायची: जोडी स्वच्छ डिझेलमध्ये धुवायची, बॅरल तिरकं धरायचं, प्लंजर थोडा बाहेर ओढून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने, एका लयीत, कुठेही न थबकता उतरला पाहिजे. धपकन पडला तर गेलेला, मध्येच थांबला तर घाण किंवा ओरखडा. ही परीक्षा अजून मी रोज करतो. पण ती एकाच जातीच्या धातूंच्या जोडीला लागू आहे. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या जोडीला ती लावली आणि फसलो. तुमच्या मामाच्या डिझेलला मात्र ती बऱ्याच अंशी लागू पडते, म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं.

आता एक अट. तुम्हाला लागतोय तो अडथळा खरंच पिंच आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल. प्लग काढा, एक्झॉस्टमधून दोन थेंब पातळ तेल सोडा आणि प्रॉप सावकाश फिरवा. अडथळा फक्त शेवटच्या काही मिलिमीटरला, जाताना आणि येताना सारखाच, दर फेऱ्याला त्याच जागी, आणि स्पर्श गुळगुळीत, असं असेल तर पिंच. सगळ्या फेऱ्यात चिकट, जड लागत असेल तर आत जुनं एरंडेल गोंदासारखं झालंय; दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनात हे सर्रास होतं. करकर, दाणेदार लागलं तर बेअरिंगला गंज किंवा आत वाळू. आणि प्लग लावलेला असताना फिरता फिरता एकदम भिंतीला आपटल्यासारखं थांबलं, तर आत इंधन जास्त साचलंय. जोर लावू नका, प्लग काढून उलटं धरा, इंधन निथळू द्या. तुम्ही प्लग काढून पाहिलंत आणि तरी चीं आवाज आला, म्हणून माझा कल पिंचकडे आहे.

खात्रीचा उपाय ऊब. हेअर ड्रायर घ्या आणि हेडवर चार-पाच मिनिटं गरम हवा सोडा. हेड साधारण ७०-८० अंशांवर आलं पाहिजे, म्हणजे हात टेकवून ठेवता येणार नाही इतकं. आता प्रॉप फिरवा. अडथळा पूर्ण गेला नाही तरी स्पष्ट कमी झालेला जाणवेल. तो कमी झाला तर तुमच्या इंजिनाला काहीही झालेलं नाही. एक काळजी मात्र घ्याच: आत किंवा टाकीत इंधन असताना ड्रायर किंवा हीट गन जवळ आणू नका. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, चटका बसल्यावरच कळते.

सुरू करतानाही आधी ऊब द्या, मग झटका. थंड, घट्ट इंजिनावर इलेक्ट्रिक स्टार्टर दाबून धरला तर सगळा भार कनेक्टिंग रॉडवर येतो. पाचरीत अडकलेला पिस्टन ओढून काढायचं काम तोच करत असतो, आणि त्याचं खालचं भोक त्याने लांबट होतं. प्रॉप बोटाने मारू नका. लाकडी दांडा किंवा जाड रबरी नळी घातलेली काठी वापरा.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला रुळवणं, कसं करायचं, यावर लोकांत मतं वेगळी आहेत. इंजिनाबरोबर आलेल्या कागदात जे लिहिलंय त्याला पहिला मान द्या. माझी रीत अशी. इंजिन बाकावर पक्कं बांधायचं, प्रॉप हलका लावायचा, ४६ ला ११ बाय ५ (लांबी ११ इंच, पिच ५ इंच) चालतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि निडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, इतकी रिच (जास्त इंधनाची) ठेवा की आवाज दोन जातींच्या मध्ये हेलकावत राहील, क्षणात जाड भरभर, क्षणात बारीक सणसणीत. दीड-दोन मिनिटं चालवा. मध्ये एकदोनदा इंधनाची नळी बोटांनी हलकेच दाबून आठ-दहा सेकंद बारीक आवाजात येऊ द्या, की हेड नीट तापेल. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, अगदी हाताला गार लागेपर्यंत. अशा सहा-सात फेऱ्या करा. त्यानंतर विमानात बसवा आणि पहिल्या काही उड्डाणांना निडल थोडी रिच ठेवा.

जुन्या लोकांचा सल्ला असतो की नवं इंजिन तासभर खूप रिच चालवा, धूर सोडत, थंडगार. लोखंडी पिस्टनच्या आणि रिंगवाल्या इंजिनांना तो सल्ला बरोबर होता. एबीसीला तो मारक आहे. कारण इतकं रिच चालवलं तर हेड तापतच नाही, लायनर फुगत नाही आणि पिंच तशीच राहते. १०,००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला १६६ वेळा त्या पाचरीत घुसतो आणि बाहेर ओढला जातो. तासाभरात ते सहा लाखांवर जातं. पिस्टनची वरची धार जिथे गरमपणी दाब धरणार, तीच आधी झिजते आणि रॉडवर ताण येतो तो वेगळाच.

तेलाच्या बाबतीत मी जुनाट आहे. इंधनात तेल १८ ते २० टक्के, आणि त्यात एरंडेलाचा वाटा असलाच पाहिजे. निडल चुकून लीन (कमी इंधनाची) झाली आणि इंजिन जास्त तापलं, तर एरंडेल घट्ट होतं पण धातूला धरून राहतं. इंजिनाचं साधं ऑइल मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, तळाशी बसतं, म्हणून तो प्रयोग नको. आणि मिथेनॉल विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, कुलपात ठेवा, पाण्याच्या बाटलीत तर कधीही भरू नका.

उडून आल्यावर इंजिन बंद पडलं की प्रॉप फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. तो वर राहिला आणि इंजिन गार झालं, तर लायनर त्याच्याभोवती आवळतो. मग दुसऱ्या रविवारी प्रॉप हलत नाही. असं झालंच तर पुन्हा ऊब द्या, सुटेल. एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायला जाऊ नका. माझ्याकडे अशी तीन इंजिनं आली आहेत, तिन्हींच्या पिस्टनच्या धारेला खाच पडलेली होती आणि तिन्ही जोड्या टाकून द्याव्या लागल्या.

आपल्या किनाऱ्यावर फिटिंगचे खरे शत्रू दोन, वाळू आणि दमट हवा. मैदान नाही म्हणून भरतीच्या ओल्या रेतीवरून विमान सोडायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला आहे. पण किनाऱ्याच्या वाळूत गारगोटीचा कण असतो आणि तो ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. कण आत गेला की मऊ पिस्टनमध्ये रुततो आणि तिथून क्रोम खरवडत राहतो. सड्यावरची जांभ्याची तांबडी धूळही कमी नाही, विमान जमिनीवर उभं असताना प्रॉपच ती उडवतो. मी इंजिन सुरू करायच्या जागी जुनी ताडपत्री अंथरतो. आणि विमान नाक खुपसून पडलं तर एक नियम डोक्यात पक्का ठेवा: प्रॉप फिरवून बघायचा नाही. प्रत्येकाचा हात आधी तिकडेच जातो, चालतंय का बघू म्हणून. तो एक फेरा लायनरवर उभी रेघ मारून जातो. आहे तसं इंजिन पिशवीत घाला, घरी आणा, बॅक प्लेट आणि हेड उघडून रॉकेलने किंवा मिथेनॉलने धुवा, मगच फिरवा.

दमट हवेचं असं की मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. दिवसाच्या शेवटी आत राहिलेलं इंधन म्हणजे बेअरिंगला गंज लावायची सोय. शेवटच्या उड्डाणाला टाकी काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून दहा-बारा फेरे द्या. मे अखेरीला, पाऊस धरायच्या आत, सगळी इंजिनं तेल लावून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर जातात, ती दसऱ्यालाच बाहेर येतात.

आता मामाचं डिझेल. एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानं केलेल्या लोकांकडे कोलकात्याला बनलेली अशी इंजिनं अजून सापडतात. यात साधारणपणे पोलादी सिलिंडर आणि ओतीव लोखंडाचा पिस्टन असतो. दोघांची वाढ जवळजवळ सारखी, त्यामुळे थंडपणी जे फिट लागतं ते गरमपणीही बरंचसं तसंच राहतं. इथे थंडपणी सैल लागलं तर काळजीचं कारण असू शकतं.

पण फिटिंगवर यायच्या आधी इंधनाकडे बघा. या इंजिनाला ठिणगी नाही, प्लग नाही, इथर दाबाने पेटतं आणि त्यावर सगळं चालतं. जुनं मिश्रण म्हणजे इथर, रॉकेल, एरंडेल सारख्या भागाने. इथर ३५ अंशांच्या आतच उकळायला लागतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तेवढं तापमान सहज होतं. बाटलीचं बूच सैल असेल तर आत राहतं रॉकेल आणि एरंडेल. त्यावर कितीही झटके मारा. ताजं इंधन मिळवा, तेवढ्यानेच सुरू झालं तर पुढचं वाचायची गरज नाही. इथरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोचून पेटते, तेव्हा हे काम मोकळ्या अंगणात करा.

ताज्या इंधनावरही चालत नसेल तर एक्झॉस्टमधून दोन थेंब एरंडेल सोडा आणि प्रॉप दहा-बारा वेळा फिरवा. पिस्टन वर नेऊन दाबावर धरून ठेवा. चांगल्या इंजिनात प्रॉप उशीसारखा परत ढकलतो आणि दाब काही सेकंद तरी टिकतो. तेल घातल्यावर दाब परत आला आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघितल्यावरही तसाच मिळत असेल, तर पिस्टन नुसता कोरडा पडला होता. आला आणि लगेच गेला, तर गळती कुठून आहे ते शोधा. पुन्हा दाबावर धरा आणि टॉर्चच्या उजेडात एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनच्या कडेकडे बघा, तेलाचे बारीक बुडबुडे येतात का. मग डोक्यावरच्या कॉम्प्रेशन स्क्रूच्या बुंध्याशी एक थेंब तेल सोडून तिथेही बघा. त्या स्क्रूखाली दुसरा छोटा पिस्टन असतो, त्याला काँट्रापिस्टन म्हणतात. पुष्कळ वेळा गळती तिथून असते आणि बिचाऱ्या मुख्य पिस्टनवर ठपका येतो.

मुख्य पिस्टनच खरोखर झिजला असेल तर उपाय आहे, आणि तो एबीसीपेक्षा आपल्या हातातला आहे. बारीक कणांच्या ओतीव लोखंडाच्या गजातून नवा पिस्टन लेथवर दहा-पंधरा मायक्रॉन मोठा कातायचा. सिलिंडरचा बोअर आधी पितळेच्या लॅपने (पेस्ट लावून घासायचं हत्यार) सारखा करून घ्यायचा, पिस्टन वेगळ्या फुटीर कडीच्या लॅपने उतरवत आणायचा. पेस्ट ॲल्युमिनियम ऑक्साइडची आणि अगदी बारीक. कार्बोरंडम नको, त्याचे कण लोखंडात रुतून बसतात आणि इंजिन चालेल तितके दिवस घासत राहतात. पेस्ट लावून पिस्टन त्याच्याच सिलिंडरमध्ये घोटायचा, हा सोपा वाटणारा मार्ग कधी धरू नका. पेस्ट दोन्हीकडून कापते, तोंडाशी जास्त कापते, आणि बोअर कर्ण्यासारखा होतो. शेवटी दोन्ही साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने धुवायचे, पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत.

आणि मग मास्तरांची परीक्षा. कोरडा, स्वच्छ पिस्टन सिलिंडर उलटा धरून खालच्या तोंडातून सोडला, तर तो सावकाश घसरत एक्झॉस्टच्या खिडकीपर्यंत यावा आणि खिडकी ओलांडून थोड्याच अंतरावर थांबावा. तेलाचा हात लावल्यावर अंगठ्याच्या दाबाने वरपर्यंत जावा. मी हा पिस्टन करताना शेवटच्या दोन मायक्रॉनला एक अख्खी दुपार देतो. दर वेळी धुतो, गार होऊ देतो, मग सोडून बघतो. हाताच्या उबेनेही फिट बदलतं, म्हणून पिस्टन बोटांत धरून फार वेळ बोलत बसायचं नाही.

पिस्टन करायच्या आधी मात्र सिलिंडरला उजेडासमोर धरून आतून बघा. पंधरा-वीस पावसाळे इंजिन फडताळात पडलं असेल, तर पिस्टन ज्या उंचीवर थांबला होता तिथे तपकिरी कडं दिसेल. नुसता डाग असेल तर लॅपमध्ये जातो. नखाला खड्डे लागले तर लायनरही नवा करावा लागेल आणि मग खर्चाचा विचार करा.

तर या आठवड्यात एवढं करा. नवं इंजिन हेअर ड्रायरने तापवून फिरवा आणि वरचा अडथळा किती कमी झाला ते सांगा. मामाच्या इंजिनात तेल सोडून बुडबुडे नेमके कुठून येतात ते बघा. स्क्रूखालून आले तर काम तासाभराचं आहे, ते मी लिहून सांगेन. पिस्टनच्या कडेने आले तर सिलिंडर-पिस्टन तेलाच्या कागदात गुंडाळून, एकमेकांना न लागतील असे, रत्नागिरीला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. ओतीव लोखंडाचा गज माझ्याकडे पडून आहे.